मृगयेंतील शरमर्यादा

मृगया हें राजाचें व्यसन कीं राजाचा गुण, हा वाद आपल्या नीतिग्रंथांत फार जुना आहे, आणि त्यावर विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. प्रस्तुत लेखांत आम्हांस त्या वादाचा निकाल लावावयाचा नाहीं. आमचा प्रश्न त्याहून लहान, पण आमच्या मतें अधिक कठीण आहे. शिकारीस निघावयाचें एकदां ठरलें. सावज समोर आलें. प्रत्यंचा कानापर्यंत ओढली गेली. त्या क्षणीं बाण सोडणें केव्हां योग्य आणि तो आवरणें केव्हां अवश्य, याविषयीं आपल्या पूर्वजांनीं कांहीं मर्यादा घातली होती काय? घातली असल्यास ती कोणाच्या हिताकरितां, शिकाऱ्याच्या कीं सावजाच्या? या मर्यादेस आम्ही सोयीसाठीं ‘शरमर्यादा’ असें म्हणतों. तिचा माग ग्रंथांतून, शिलालेखांतून आणि रूढींतून जसा लागतो तसा येथें वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

(१) नीतिकारांचें मत

मनूनें सातव्या अध्यायांत कामापासून उत्पन्न होणारीं दहा व्यसनें सांगितलीं आहेत, त्यांत मृगयेचें नांव सर्वांच्या आधीं येतें. पुढें त्या दहांतून मद्यपान, द्यूत, स्त्रिया आणि मृगया हीं चार अत्यंत घातक म्हणून वेगळीं काढलीं आहेत. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणांत याच विषयावर पिशुन नांवाच्या आचार्याशीं कौटिल्याचा वाद आहे. पिशुन म्हणतो, द्यूतापेक्षां मृगया वाईट. कारण तींत चोर, शत्रू, हिंस्र जनावरें, वणवा, ठेंच, दिशाभूल, तहान, भूक आणि प्रत्यक्ष प्राणसंकट इतकीं भयें आहेत. द्यूतांत निदान जाणता खेळाडू जिंकतो. कौटिल्याचें उत्तर असें कीं, द्यूतांत दोहोंपैकीं एकाचा पराजय ठरलेलाच; उलट मृगयेनें व्यायाम घडतो, कफ, पित्त व मेद झडतात, स्थिर आणि चल अशा दोन्ही लक्ष्यांवर हात बसतो, आणि रागावलेल्या व भ्यालेल्या जनावरांचें चित्त कळूं लागतें.

हा वाद दोन्ही अंगांनीं पाहिला तरी त्यांत सावजाच्या बाजूचा शब्द एकही नाहीं. पिशुनास राजाच्या जिवाची काळजी, कौटिल्यास राजाच्या शरीराची आणि नेमबाजीची. तथापि कौटिल्याच्या यादींतील शेवटचा गुण लक्षांत ठेवण्यासारखा आहे. जनावराचें चित्त जाणणें ही विद्या दुधारी आहे. ज्याला हरिणाची भीति ओळखतां येते, त्याला ती नेम धरण्यास उपयोगी पडते. पण तीच ओळख एखादे वेळीं त्याचा हातही धरते. असें प्रत्यक्ष घडल्याचीं उदाहरणें पुढें येतील.

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत राजाच्या विहाराकरितां राखावयाच्या मृगवनाचें वर्णन आहे. त्यास एकच दार, भोंवतीं खंदक, आंत गोड फळांचीं झाडें, पाण्याचें तळें, माणसाळलेलीं जनावरें, आणि ज्यांचीं नखें व दांत मोडून टाकले आहेत असे हिंस्र पशू असावे, असें सांगितलें आहे. निर्धास्त मृगयेची याहून पूर्ण व्यवस्था सांपडणें कठीण! परंतु त्याच ठिकाणीं, राज्याच्या सीमेवर अथवा जमीन सोयीची असेल तेथें, दुसरें एक मृगवन असावें व त्यांतील सर्व पशूंस अतिथि मानावें असेंही सांगितलें आहे. कसाईखान्यावरील अधिकाऱ्याच्या प्रकरणांत अभयवनांतील पशु मारणारास उत्तम साहसाचा दंड आहे. वासरूं, बैल आणि दुभती गाय हीं अवध्य असून तीं मारणारास पन्नास पणांचा दंड आहे. आणि गजवनांत हत्ती मारणारास तर देहान्त शिक्षा आहे. म्हणजे कोणता पशु मारावा व कोठें मारावा, हें राज्यशासनानें ठरविलें होतें. कोणत्या क्षणीं मारूं नये, याचा विचार मात्र नीतिकारांनीं न करतां तो कथाकारांनीं केला आहे.

(२) पांडु आणि किंदम

या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा वाद महाभारताच्या आदिपर्वांत आहे. मृगयेस गेलेल्या पांडूनें समागमांत असलेल्या हरणाच्या जोडप्यावर पांच बाण सोडले. तें हरिण म्हणजे मृगरूप धारण केलेला किंदम नांवाचा ऋषि होता. त्यानें मरतां मरतां पांडूस शाप दिला, आणि कुरुवंशाची पुढची सर्व कथा त्या शापावर उभी राहिली, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु शापाच्या आधीं दोघांचा जो संवाद झाला त्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं.

पांडूची बाजू अशी: शत्रूस मारण्याचा राजांचा जो आचार, तोच मृगास मारण्याचा; मृग उघडपणें मारावा कीं कपटानें, सावध असतां मारावा कीं बेसावध असतां, हा प्रश्नच नाहीं. आधारास तो अगस्त्य ऋषीचें उदाहरण देतो, कारण अगस्त्यानें अरण्यांतील मृगांचें प्रोक्षण करून ते देवांस अर्पण केले होते. किंदमाचें उत्तर असें कीं, शत्रूवरदेखील त्याचें वैगुण्य पाहून लोक बाण टाकीत नाहींत. वधाचाही एक काल असतो. पुढें तो म्हणतो कीं, तूं मृग मारतोस म्हणून मी तुला दोष देत नाहीं. आमचा समागम पुरा होईपर्यंत तूं थांबावयास हवें होतें, आणि तें दयाबुद्धीनें थांबावयास हवें होतें. मूळांत यासाठीं ‘आनृशंस्य’ असा शब्द आहे. क्रूर नसणें, एवढाच त्याचा अर्थ.

येथें एक शंका येणें स्वाभाविक आहे. हरणाच्या रूपांत ऋषि होता म्हणूनच हा दोष लागला. खऱ्या हरणाला कोण विचारतो? परंतु ही शंका कथाकारानें स्वतःच मिटविली आहे. किंदम स्पष्ट सांगतो कीं, तूं न जाणतां मारलेंस, तूं मला मृग समजूनच मारलेंस, म्हणून तुला ब्रह्महत्येचें पातक लागणार नाहीं. ब्रह्महत्या अशी बाजूला काढल्यावर मागें काय उरतें? त्या अवस्थेंतील हरिण मारिलें, एवढेंच उरतें. आणि शाप तेवढ्याकरितांच आहे. म्हणून हा नियम ऋषीसंबंधीं नसून हरणासंबंधीं आहे, असें आम्ही समजतों.

(३) वालीचा आक्षेप

याच्या अगदीं उलट बाजू रामायणाच्या किष्किंधाकांडांत आहे. आड उभें राहून मारलेला वाली रामास विचारतो कीं, माझें कातडें, केस वा हाड सज्जनांच्या उपयोगाचें नाहीं. पंचनखी प्राण्यांपैकीं जे पांच भक्ष्य सांगितले आहेत त्यांत मी नाहीं. मग तूं मला कशासाठीं मारलेंस? उपयोगावांचून वध करूं नये, हा वालीच्या बोलण्याचा गाभा होय. रामाच्या उत्तरांत इतर कारणांबरोबर एक कारण मृगयेचें आहे. माणसें जाळ्यांनीं, फांसांनीं, लपून वा उघडपणें मृग धरतात; तो पळत असो, निर्धास्त उभा असो, सावध असो वा बेसावध असो, पाठ फिरवून असला तरी त्यास मारतात, आणि त्यांत दोष नाहीं; धर्मज्ञ राजर्षीही मृगयेस जातात.

हें उत्तर आणि पांडूचें बोलणें हीं इतकीं सारखीं आहेत कीं, मृगयेच्या समर्थनाची ही एक ठरलेली मांडणी त्या काळीं रूढ असावी असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. फरक एवढाच कीं, एका ग्रंथांत ती मांडणी विजयी ठरते आणि दुसऱ्यांत ती शापास पात्र होते. एकाच परंपरेंत दोन्ही मतें होतीं, व त्यांतील एकही दडविलें गेलें नाहीं, ही गोष्ट इतिहासकारानें नोंदून ठेवली पाहिजे.

शत्रु आणि मृग यांची जी तुलना दोन्ही कथांत येते, तिलाही एक आधार आहे. मनूच्या सातव्या अध्यायांत युद्धाचे नियम आहेत. त्यांत कर्णी, विषलिप्त वा अग्नीनें तापविलेले बाण वापरूं नयेत. हात जोडलेला, बसलेला, झोंपलेला, दुसऱ्याशीं लढण्यांत गुंतलेला, पाठ फिरवून पळणारा यांस मारूं नये, असें सांगितलें आहे. पांडूनें ‘मृग हा शत्रूसारखा’ असें म्हणतांच त्याचा स्वतःचाच पेंच त्याच्यावर उलटतो. मृग शत्रूसारखा असेल, तर शत्रूस मिळणारी सवलत मृगास कां मिळूं नये? किंदमाच्या युक्तिवादाचें सारें बळ येथें आहे.

(४) न पाहतां सोडलेला बाण

दुसरी मर्यादा लक्ष्य ओळखण्याची. अयोध्याकांडांत मरणाच्या छायेंत असलेला दशरथ कौसल्येस आपल्या तरुणपणींची हकीकत सांगतो. पावसाळ्याचे दिवस, रात्रीची वेळ, शरयूचा कांठ. पाण्यावर येणारा रेडा, हत्ती वा दुसरें एखादें श्वापद मारावें म्हणून तो दबा धरून होता. अंधारांत घागर भरल्याचा आवाज झाला, तो त्यास हत्तीचा वाटला, आणि त्यानें शब्दवेधी बाण सोडला. तो आंधळ्या आईबापांच्या एकुलत्या मुलास लागला. आपल्याकडे तो मुलगा श्रावणबाळ या नांवानें घरोघर परिचित आहे.

येथेंही एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मरणारा मुलगा राजाला धीर देतो कीं, मी द्विज नाहीं, तूं ब्रह्महत्येची भीति बाळगूं नकोस. म्हणजे किंदमाच्या कथेप्रमाणेंच येथेंही मोठ्या पातकाचें नांव कथाकारानें मुद्दाम काढून घेतलें आहे. आणि तरीही दोष शिल्लक राहतो. तो दोष नेम चुकल्याचा नाहीं, कारण नेम मुळींच चुकला नव्हता. जें डोळ्यांनीं पाहिलें नाहीं त्यावर बाण सोडला, हाच तो दोष होय. शब्दवेध ही धनुर्विद्येंतील मोठी करामत. पण कौशल्य असणें आणि तें वापरण्याची जागा असणें, या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें दशरथास फार उशिरां कळलें.

कालिदासानें रघुवंशाच्या नवव्या सर्गांत हीच कथा घेतली आहे, आणि तिची रचना आमच्या विषयाच्या दृष्टीनें अभ्यासनीय आहे. आरंभीं तो मृगयेचे गुण सांगतो. चल लक्ष्याचा सराव आणि जनावरांच्या भयाची व रागाची ओळख हे कौटिल्याचेच गुण तेथें भेटतात. पुढें दशरथ एका हरणावर नेम धरतो, तोंच त्याची हरिणी मध्यें येऊन आपल्या अंगानें त्यास आड करते. राजा ओढलेला बाण परत घेतो. दुसऱ्या हरणांवर बाण सोडावा, तर त्यांचे भ्यालेले डोळे पाहून त्याची मूठ सैल होते. जवळून उडणारा मोरही तो सोडून देतो. चित्तज्ञान शिकाऱ्याचा हात कसा धरतें, तें येथें दिसतें. आणि त्याच सर्गाच्या शेवटीं, जेथें डोळे दिसत नव्हते, फक्त आवाज होता, तेथें त्याच राजाच्या हातून अनर्थ घडतो. कालिदास आणखी एक दोष दाखवितो. रानटी हत्ती मारणें राजास निषिद्ध होतें. तेव्हां तो आवाज खरोखर हत्तीचा असता, तरीही बाण सोडावयास नको होता. पांचव्या सर्गांत अजावर हत्ती चालून येतो तेव्हां अज त्यास ठार न करतां केवळ परतविण्यापुरता बाण मारतो. अर्थशास्त्रांतील गजरक्षणाचा नियम काव्यांत कसा उतरला होता, हें या दोन स्थळांवरून दिसून येतें.

(५) घायाळ सावजाचें उत्तरदायित्व

तिसरी मर्यादा बाण लागल्यानंतरची. मनूनें नवव्या अध्यायांत व्यवहाराचा एक दाखला दिला आहे कीं, ज्यानें रान तोडलें त्याचें शेत, आणि ज्याचा बाण आधीं रुतला त्याचा मृग. आठव्या अध्यायांत राजानें न्याय कसा शोधावा हें सांगतांना, पारधी जसा रक्ताच्या थेंबांवरून घायाळ हरणाचा माग काढतो तसा, असा दृष्टान्त आहे. दृष्टान्त नेहमीं सर्वपरिचित गोष्टीचा द्यावयाचा असतो. त्यावरून घायाळ जनावराचा माग सोडून न देणें ही पारध्यांची नित्याची रीत होती, असें दिसतें.

वनपर्वांत किरातवेषधारी शंकर आणि अर्जुन या दोघांचे बाण एकाच वराहास लागले, आणि सावज कोणाचें यावरून युद्ध जुंपलें. त्या प्रसंगीं अर्जुन किरातास म्हणतो कीं, तूं केलेंस हा ‘मृगयाधर्म’ नव्हे. म्हणजे मृगयेस स्वतःचा धर्म आहे ही कल्पना आणि तिच्याकरितां स्वतंत्र शब्द, दोन्ही त्या काळीं अस्तित्वांत होतीं. हा धर्म शिकाऱ्या-शिकाऱ्यांमधील हक्काचा आहे, हें खरें. परंतु पहिला बाण लागतांच सावज ज्याचें होतें, त्याच्यावरच तें सावज शेवटास नेण्याचा भारही पडतो, असा निष्कर्ष आम्ही काढतों. हक्क घ्यावयाचा आणि घायाळ पशु रानांत कण्हत सोडावयाचा, या दोन गोष्टी एकत्र नांदूं शकत नाहींत.

(६) महाराष्ट्रांतील दोन पुरावे

या विचारास महाराष्ट्रांत दोन महत्त्वाचे दुवे आहेत. पहिला सोपाऱ्याचा. प्राचीन शूर्पारक बंदराच्या या जागीं १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. नवव्या शासनाचा तुकडा १९५६ सालीं सांपडला. चौदा शासनांपैकीं हें आठवें शासन नेमकें मृगयेसंबंधीं आहे. पूर्वींचे राजे विहारयात्रेस जात व तींत मृगया चाले. अशोक अभिषेकास दहा वर्षें झाल्यावर संबोधीस गेला आणि तेव्हांपासून धर्मयात्रा सुरू झाली, असा त्याचा आशय आहे. या शासनानें मृगयेचा प्रश्न समूळ सोडविला असें वाटेल. पण अशोक व्यवहारी होता. पहिल्या शिलाशासनांत तो सांगतो कीं, राजाच्या पाकशाळेंत अद्याप दोन मोर व एक हरिण मारलें जातें, आणि हरिण तेंही नित्य नाहीं. पुढें तेंही बंद होईल. अभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षीं काढलेल्या पांचव्या स्तंभशासनांत त्यानें अवध्य प्राण्यांची यादी दिली. गाभण किंवा पाजणारी शेळी, मेंढी व डुकरीण, आणि सहा महिन्यांच्या आंतील पिल्लें मारूं नयेत, असें सांगितलें. ठराविक तिथींस मासे मारण्यास आणि गजवनांतील प्राणी मारण्यास मनाई केली. आणि विनाकारण रान पेटविण्यासही बंदी घातली. जनावराच्या जातीवर नव्हे तर त्याच्या त्या वेळच्या अवस्थेवर नियम बसविण्याची किंदमाची कल्पना येथें राजाज्ञेच्या रूपानें दिसते.

दुसरा दुवा लीळाचरित्राचा. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटानें संकलित केलेल्या या ग्रंथांत, पारध्यांनीं पाठलाग केलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखालीं येऊन लपल्याची लीळा आहे. पारधी आपलें सावज मागूं लागले. स्वामींनीं तो शरण आला आहे म्हणून देण्याचें नाकारलें, पारध्यांची समजूत घातली, आणि ते गेल्यावर सशाला मोकळें केलें. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत आश्रमाचा मृग म्हणून तापस दुष्यंताचा बाण थांबवितो, त्याच जातीचा हा प्रसंग आहे. भेद एवढाच कीं, तेथें आश्रमाची सीमा होती. येथें एका माणसाची मांडी हीच सीमा ठरली. शरण आलेलें सावज हें सावज उरत नाहीं, ही चौथी मर्यादा मराठी भाषेंत इतक्या जुन्या काळीं लिहिली गेली, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे.

याच प्रदेशांत, कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६–११३८) यानें मानसोल्लास हा ग्रंथ रचला. त्याच्या विनोदांच्या भागांत श्येनविनोद, मत्स्यविनोद आणि मृगयाविनोद यांस स्वतंत्र स्थान आहे. चित्ता, पाळीव हरिण इत्यादि साधनांचें तेथें जें बारकाईनें वर्णन आहे, तें चित्तज्ञानाच्या विद्येचा परमोत्कर्ष होय. परंतु ती विद्या तेथें बहुतांशीं नेमाच्याच सेवेंत राबते. ग्रंथाच्या नांवाप्रमाणें हा विनोद राजाच्या मनाचा आहे. अशोकाची आज्ञा, सोमेश्वराचा विनोद आणि चक्रधरांची मांडी हीं तिन्ही एकाच भूमींत झालीं, म्हणून ‘आपल्या परंपरेचें मत अमुक’ असें एका वाक्यांत सांगणाऱ्यांपासून वाचकांनीं सावध असावें.

(७) मोंगल दरबारांतील दोन राजे

मोंगलांच्या काळीं ‘कमरगा’ नांवाची शिकार प्रसिद्ध होती. दूरवर वेढा घालून हांकाऱ्यांनीं रान उठवावयाचें, वेढा दिवसेंदिवस आवळत आणावयाचा, आणि कोंडलेलीं जनावरें बादशहानें मारावयाचीं. कौटिल्याच्या एकदारी मृगवनाचेंच हें फिरतें रूप म्हणतां येईल. १५७८ सालीं पंजाबांत भेऱ्याजवळ असाच एक मोठा वेढा पुरा होत आला असतां अकबरानें एकाएकीं शिकार बंद करविली आणि कोंडलेलीं सारीं जनावरें सोडून देण्याचा हुकूम केला. त्या वेळच्या त्याच्या मनःस्थितीविषयीं दरबारी लेखकांनीं निरनिराळे तर्क केले आहेत. आमच्या विषयापुरतें महत्त्व इतकेंच कीं, सर्व सिद्धता झाल्यावरही बाण आवरतां येतो, याचें इतकें मोठें उदाहरण इतिहासांत विरळा.

त्याचा मुलगा जहांगीर यानें आपल्या आत्मवृत्तांत शिकारीचा हिशेब दिला आहे. बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ प्राण्यांची शिकार झाली, त्यांपैकीं १७,१६७ त्यानें स्वतःच्या हातानें मारले. पन्नाशीनंतर स्वहस्तें जीव मारावयाचा नाहीं असा त्यानें संकल्प केला होता, आणि नातू शुजा आजारी पडला तेव्हां तो संकल्प पुन्हा उच्चारला. परंतु त्याच आत्मवृत्तांत राज्यारोहणाच्या पांचव्या वर्षींची एक गोष्ट आहे, ती कोणत्याही हिशेबांत बसत नाहीं. नीलगाईवर नेम धरला असतां एक मोतद्दार आणि दोन कहार अचानक आडवे आले व सावज निसटलें. बादशहानें मोतद्दारास जागच्या जागीं ठार करविलें, आणि कहारांच्या पायांच्या शिरा तोडून त्यांस गाढवावर बसवून छावणींत फिरविलें. नेम चुकल्याची किंमत सावजाऐवजीं हाताखालच्या माणसांनीं भरली. मृगयेस व्यसन म्हणणाऱ्या मनूचें म्हणणें या एका प्रसंगानें जितकें पटतें, तितकें शंभर युक्तिवादांनीं पटणार नाहीं. शरमर्यादा पाळण्याचें बळ ज्याच्या अंगीं नाहीं, त्याचा संताप कोठेंतरी उतरतोच.

(८) फांसेपारधी आणि आधुनिक कायदा

राजांच्या शिकारीविषयीं इतकें लिहिल्यावर, ज्यांचें पोट शिकारीवर चाले त्यांच्याविषयीं चार शब्द लिहिले नाहींत तर अन्याय होईल. पश्चिम महाराष्ट्रांतील फांसेपारधी काळविटांस फांसांत धरीत. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनीं त्यांच्याविषयीं अशी नोंद केली आहे कीं, फांसांत गाभण हरिणी किंवा पाडस सांपडल्यास तें सोडून देण्याची त्यांची रूढी होती. अशोकाच्या स्तंभशासनाशीं तिचें साम्य उघड आहे; पण ती शिलेवर खोदलेली नव्हती, आणि ती मोडणारास पणांचा दंडही नव्हता. येथें साधनाचाही विचार केला पाहिजे. सुटलेला बाण परत येत नाहीं. फांसांत सांपडलेलें जनावर जिवंत असतें, त्यामुळें पारध्यास विचार करण्यास दुसरी संधि मिळते, आणि त्यानें ती संधि वाया घालविली नाहीं. पारध्यांच्या कित्येक गटांवर ब्रिटिश अमलांत जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला, हें लक्षांत घेतां ही गोष्ट अधिकच बोलकी वाटते.

आधुनिक कायद्याचा प्रवासही याच मर्यादांमधून झालेला आहे. १८७९ च्या कायद्यानें रानटी हत्तींस संरक्षण दिलें. १९१२ च्या कायद्यानें ठराविक पशुपक्ष्यांच्या शिकारीस बंद हंगाम ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. मुंबई राज्याचा स्वतंत्र कायदा १९५१ सालीं झाला. कोल्हापूर संस्थानानें शिकारीसाठीं राखलेलें दाजीपूरचें रान १९५८ सालीं अभयारण्य झालें. राजाचें मृगवन अतिथींचें मृगवन बनलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा हक्क बहुतांशीं संपविला. तथापि प्रश्न संपला नाहीं. याच कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणें, माणसाच्या जिवास धोकादायक झालेलें, अथवा बरें होण्यापलीकडे जायबंदी वा रोगग्रस्त झालेलें जनावर मारण्याची परवानगी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकास देतां येते. मात्र तें पकडतां, बेशुद्ध करतां किंवा दुसरीकडे हलवितां येणार नाहीं, अशी त्याची खात्री झाली पाहिजे. म्हणजे बाण आवरण्याचे सारे मार्ग आधीं तपासावयाचे आणि मगच तो सोडावयाचा, असा हा क्रम आहे.

आतां वरील सर्व विवेचनाचा सारांश सांगतों. बाण सोडण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या, असें आपल्या जुन्या वाङ्मयावरून व रूढीवरून निष्पन्न होतें. लक्ष्य डोळ्यांनीं ओळखलें आहे काय, ही पहिली. ती दशरथाच्या कथेची. सावज समागमांत, गाभण वा पाजतें नाहीं ना, ही दुसरी. ती किंदमाची, अशोकाची आणि फांसेपारध्यांची. नेम अर्धवट लागल्यास शेवटपर्यंत माग काढण्याची तयारी आहे काय, ही तिसरी. आणि सावज कोणाच्या आश्रयास गेलें नाहीं ना, ही चौथी. यांपैकीं एकही गोष्ट शिकाऱ्याच्या कुळावर, पदावर वा कौशल्यावर अवलंबून नाहीं. राजासही ती चुकत नाहीं, आणि पारध्यासही ती पाळतां येते. पांडूचा खरा प्रमाद आम्हांस येथें दिसतो. ‘राजांचा असा आचार आहे’ हें त्याचें उत्तर शिकारीस कोणी जावें या प्रश्नाचें आहे. त्याला विचारलें होतें कीं, तूं क्षणभर थांबला कां नाहींस?

एखाद्या गांवांत बिबट्या वा वाघ माणसांवर उठतो तेव्हां हा प्रश्न आजही कागदावरून रानांत येतो. तेथें ज्याच्या हातीं बंदूक असेल त्याला अंधारांत हललेलें झुडूप आणि ठरलेलें जनावर यांतील भेद ओळखावा लागतो. दुसरेंच जनावर पडलें तर एक निरपराध जीव गेला आणि गांवचें संकटही टळलें नाहीं, असा दुहेरी तोटा होतो. शरयूच्या कांठची ती रात्र म्हणूनच जुनी होत नाहीं. आपल्या संस्थानांच्या दप्तरांत शिकारखान्याचे जमाखर्च, रान राखल्याचे हुकूम आणि बंदीचे जाहीरनामे आहेत. त्यांतील किती हुकूम राजाच्या शिकारीच्या सोयीसाठीं निघाले आणि किती जनावरांच्या विणीच्या हंगामाकडे पाहून निघाले, अशी वर्गवारी संशोधकांनीं केल्यास शरमर्यादेचा इतिहास ग्रंथांतून व्यवहारांत आणतां येईल. त्या कामास या लेखाचा थोडा उपयोग झाला तर आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.